पिवळझरी (रिठी)

सातबाऱ्यावर गावाच्या नावापुढे कंसात लिहिलंय: रिठी.
म्हणजे इथे चूल पेटत नाही, असं सरकारचं मत.
सात पेटतात,
पण त्या नाल्यापलीकडच्या ग्रामपंचायतीत मोजल्या जातात.

मी तिथला शाखा डाकपाल, एकतीस वर्षं.
एवढ्याशा रानात पोस्ट कुणासाठी उघडलं
हे मलाच कुणी सांगितलं नव्हतं.
एका उन्हाळ्यात लोखंडी पेटी सरकवली
तर भिंतीच्या पोटातून पितळी काटा निघाला,
पारड्यात अकरा गुंजा,
अजून लाल, प्रत्येकीला काळा ठिपका.

मग विचारत सुटलो.
कंपनी आली होती म्हणे, आजोबांच्या आजोबाच्या वेळी.
तंबू, खेचरं, एक दातांचा डॉक्टर,
कलालाच्या दोन भट्ट्या; मोहाची झाडं पुरेनात.
तीन हिवाळे त्यांनी चुलबंदची वाळू चाळली.
चौथ्या हिवाळ्यात एकटा पोस्टमास्तर उरला,
बदलीचा अर्ज कुणाच्या हातात द्यायचा ते कळेना, म्हणून.
मी त्याच्याच खुर्चीत बसत होतो.

तर आम्ही संग्रहालय केलं,
बंद पडलेल्या रेशन दुकानात.
गुरनुले मॅडमच्या सातवीच्या पोरांनी चिठ्ठ्या लिहिल्या:
खेचराची नाल.
निळ्या काचेची बाटली, बूच नाही.
बूट, एकच, डाव्या पायाचा, आत हिशेबाचे कागद कोंबलेले.
आणि मधल्या टेबलावर लाल कापड अंथरून
फुलकनबाई सोनवानेची शिवणीची काठवट.
“सोनझरी लोक हिच्यात वाळू धुऊन सोने काढत असत.”
काढत असत. मॅडमनी व्याकरण तपासलंय.

उद्घाटनाला बीडीओ साहेब आले,
वारसा हा शब्द नऊ वेळा म्हणाले
आणि गाडीत बसताना हळूच:
“अजून निघतं का हो काही?”
पोरं हसली.
फुलकनबाई हसली नाही.

पहिल्याच मंगळवारी काठवट गायब.
मी रजिस्टरात चोरी लिहिणार होतो
तर बुधवारी परत जागेवर. कापड ओलं.
पुढच्या मंगळवारी तेच.
खिडकीचा एक गज निसटतो, रेशनच्या काळापासून,
आणि हे सगळ्या टोलीला माहीत.

तिसऱ्या मंगळवारी खिडकीशी बसून राहिलो.
ती आली. मला पाहून थांबलीसुद्धा नाही.
“पानी उतरलं, कापगते. गोट्याच्या मांगं कारी रेती बसली.
आज नाही गेलो त टिप्परवाले नेतीन.”
“बाई, ही आता इतिहासाची आहे.”
“असू दे ना बापा. उद्या आनून देतो.”

मागोमाग गेलो.
गुडघाभर पाण्यात वाकून ती काठवट फिरवत होती,
दळणाच्या लयीत, पण उलट्या दिशेनं.
पांढरी रेती काठावरून निघून गेली. तांबडी गेली.
काळी राहिली
आणि काळीच्या शेपटाशी
मुंगीच्या डोळ्याएवढे तीन कण.
ओल्या करंगळीनं तिने ते उचलले,
मोरपिसाच्या पोकळ दांडीत सोडले, मेणानं तोंड बंद केलं.
“नातीच्या नाकातलं होईन,” म्हणाली, “दोन हिवाळ्यात.”
पलीकडे टिप्पर भरत होते.
एकेकात किती नाकं गेली असतील, मी मोजलं नाही.

परत येऊन चिठ्ठी बदलली:
“मंगळवार सोडून पाहता येईल.
मंगळवारी ही कामावर असते.”
मॅडमनी असते या शब्दाभोवती लाल गोल केला,
पेन तसाच धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या,
मग गोल तसाच ठेवून गेल्या.

बाकी नोंदी बरोबर आहेत.
फक्त पारड्यातल्या गुंजा आता दहाच भरतात.
अकरावी कुठे आहे ते मला ठाऊक आहे,
रजिस्टरला नाही.